पऱ्हाटीच्या कोळशाने पाणी गाळताना: भट्टीपासून तोटीपर्यंत

शाळेत विज्ञानाच्या वहीत आपण सगळ्यांनी ते चित्र काढलंय. एकावर एक तीन माठ. वरच्यात गढूळ पाणी, मधल्यात वाळू आणि कोळसा, खालच्यात स्वच्छ पाणी. नावं देऊन, पेन्सिलीनं छटा भरून पूर्ण मार्कही मिळवले. पण तो कोळसा कशाचा, कसा जाळलेला, किती, आणि पाण्यानं त्यात किती वेळ थांबायचं, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही, आपणही विचारलं नाही. खरं तर सगळी गोम या चार प्रश्नांतच आहे.

आम्ही पहिल्यांदा गाळणी भरली तेव्हा कोळसा खड्ड्यात केला होता. पऱ्हाट्या, म्हणजे कापूस वेचल्यावर उरणारी वाळकी झाडं, पेटवल्या, वरून माती लोटली, दोन दिवस धुमसू दिलं. दिसायला काळाभोर कोळसा मिळाला. धुऊन ड्रममध्ये भरला, पाणी सोडलं, आणि तोटीतून आलं ते फिकट पिवळं, चुलीच्या धुराचा वास मारणारं पाणी. वर तेलासारखा पातळ तवंगही होता. विहिरीचं पाणी त्याच्यापेक्षा बरं होतं. तो कोळसा पाण्यातलं काही धरून ठेवायच्या ऐवजी स्वतःतलंच पाण्यात सोडत होता. त्या दिवसापासून जे शिकत गेलो, ते इथे क्रमानं लिहितो आहे. घरच्या वापरापुरती, रोज ३०-४० लिटर पाणी देणारी गाळणी डोळ्यांसमोर ठेवली आहे.

आधी पाणी तपासा, मग भट्टी पेटवा

कोळसा सगळं काढतो, हा समज सर्वांत घातक. कोळसा काय धरतो आणि काय नाही, हे आधी पक्कं डोक्यात बसवा.

चांगला जाळलेला कोळसा सेंद्रिय पदार्थ धरतो: कीटकनाशकं आणि तणनाशकं यांतली बरीचशी, रंग, वास, कुजट चव, क्लोरीन. शिसं, तांबं, कॅडमियम असे जड धातू काही प्रमाणात धरतो. पण नायट्रेट धरत नाही, फ्लोराइड धरत नाही, क्षार आणि पाण्याचा जडपणा तर मुळीच कमी करत नाही. साध्या कोळशानं आर्सेनिकही सुटत नाही.

कारण समजून घेतलं तर लक्षात राहतं. कोळशाच्या पृष्ठभागावर बहुतेक वेळा ऋण प्रभार असतो. नायट्रेट आणि फ्लोराइड हे पाण्यात ऋण प्रभार घेऊनच फिरतात, त्यामुळे ते कोळशाला चिकटत नाहीत. धातूंचे आयन धन प्रभाराचे, म्हणून ते ओढले जातात. आणि कीटकनाशकांचे रेणू पाण्यात फारसे रमत नाहीत, कोळशाच्या कार्बनी भिंतीशी त्यांचं जास्त जमतं.

यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत भूजलात फ्लोराइड आहे. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम, आणि तिथे सूट नाही. तुमच्या विहिरीत यांतलं काही जास्त असेल तर या लेखातली गाळणी तुमच्या उपयोगाची नाही. तिथे दुसरा स्रोत, आरओ, किंवा फ्लोराइडसाठी सक्रिय अ‍ॅल्युमिना हेच मार्ग. म्हणून आधी नमुना प्रयोगशाळेत द्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत, आणि ग्रामपंचायतीकडे एफटीके, म्हणजे जागेवर तपासणीचं किट, असेल तर प्राथमिक अंदाज तिथेच येतो. जंतूंसाठी एच-टू-एसची बाटली मिळते. पाणी भरून ठेवलं आणि ते काळं पडलं की समजायचं, पाण्यात विष्ठेतून आलेले जंतू असण्याचा धोका आहे.

कोळशाच्या आत

एक ग्रॅम कोळसा तळहातावर घ्या. त्याच्या आतल्या बारीक भोकांच्या सगळ्या भिंती उलगडून पसरल्या तर बाजारातल्या सक्रिय कार्बनच्या, म्हणजे कारखान्यात खास भोकं मोकळी केलेल्या कोळशाच्या, एका ग्रॅमचं क्षेत्रफळ साधारण १००० चौरस मीटर भरतं. कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं. म्हणजे सात-आठ मैदानं एका चिमटीत. गावात नीट केलेल्या कोळशात तेवढं नाही, पण दोन-तीन मैदानं धरायला हरकत नाही. रेणू या भिंतींना चिकटतात. या चिकटण्याला शास्त्रात अधिशोषण म्हणतात. स्पंजमध्ये पाणी मुरतं तसं हे नाही, रेणू पृष्ठभागावरच बसतात, आणि भिंत भरली की पुढच्याला जागा नसते.

ही भोकं मोकळी होतात ती उष्णतेनं. ३५०-४०० अंशांवर जाळलेल्या कोळशात डांबरासारखा चिकट पदार्थ आतच अडकून राहतो. ६०० अंशांच्या वर गेलं की तो जळून किंवा वायू होऊन निघून जातो आणि भोकं उघडतात. आमचा खड्ड्यातला कोळसा फसला तो इथे. माती लोटल्यानं आच कमी राहिली आणि धूर आतल्या आत फिरून पुन्हा कोळशावरच जमला. लोणारी कोळसा, म्हणजे असा मातीखाली धुमसवलेला कोळसा, चुलीसाठी उत्तम, कारण त्यातला उडता भाग पेटायला मदत करतो. पाण्यासाठी मात्र तोच भाग नको असतो. बाजारातला शेगडीचा कोळसा आणून ड्रममध्ये भरू नका. कोळशाच्या विटा तर अजिबात नकोत, त्यांत चिकटवायला काय घातलंय याचा पत्ता नसतो.

काय जाळायचं

विदर्भ-मराठवाड्यात पऱ्हाटी सहज मिळते. महाराष्ट्रात कापसाचं क्षेत्र देशात सर्वांत मोठं, आणि हंगाम संपला की पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर पडतात किंवा शेतातच पेटवले जातात. गुलाबी बोंडअळीच्या दृष्टीनं हे ढीग धोक्याचे. फरदड (हंगाम संपल्यावर तीच झाडं राखून घेतलेलं जादा कापसाचं पीक) घेऊ नका आणि पऱ्हाट्या साठवून ठेवू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो, कारण वाळक्या बोंडांत अळी आणि कोष टिकून राहतात. ढीग भट्टीत गेला तर तो प्रश्नही मिटतो. तुराट्याही (तुरीची वाळकी झाडं) चालतात, पण त्यांचा कोळसा हलका आणि ठिसूळ होतो, फोडताना निम्मा भुगा होतो. कोकणात करवंट्या असतील तर त्यांच्यासारखं दुसरं काही नाही; करवंटीचा कोळसा टणक असतो आणि सक्रिय कार्बनच्या कारखान्यांचाही तोच आवडता कच्चा माल आहे. बाभळीचं लाकूडही चांगलं. भाताच्या तुसाचा कोळसा आणि उसाच्या पाचटाचा कोळसा मी गाळणीसाठी घेत नाही. तुसात राख फार राहते आणि पाचटाचा चुराच होतो.

पाचटाच्या कोळशाचं खरं काम दुसरं आहे, आणि ते महाराष्ट्रात झालंय. डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' या संस्थेनं उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची भट्टी विकसित केली, आणि त्यासाठी २००२ साली संस्थेला शाश्वत ऊर्जेच्या कामासाठी दिला जाणारा ब्रिटनमधला अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. तो कोळसा चुलीत जाळायचा होता. पाणी गाळण्यासाठी गावठी भट्टीचा कोळसा वापरण्याचं काम उत्तर थायलंडमधल्या खेड्यांत जॉश कर्न्स आणि त्यांच्या अ‍ॅक्वियस सोल्युशन्स या गटानं बरंच पुढे नेलं. शेतातल्या तणनाशकांनी दूषित झालेलं पाणी आणि २०० लिटरच्या पिंपाची भट्टी, अशीच त्यांचीही सुरुवात. खाली जी भट्टी सांगतो, ती त्याच घराण्यातली.

पऱ्हाटी खडखडीत वाळलेली हवी. मोडली की 'कटकन' आवाज यायला हवा. ओली असेल तर सगळी उष्णता पाणी उडवण्यातच जाते आणि आच ६०० पर्यंत चढत नाही. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, प्लास्टिकच्या सुतळ्या काहीही आत जाऊ देऊ नका.

पिंपाची भट्टी

२०० लिटरचं लोखंडी पिंप घ्या, ज्यात पूर्वी तेल वगैरे असेल ते. कीटकनाशकाचं किंवा कुठल्या रसायनाचं पिंप नको. बाहेरचा रंग जाळून टाकण्यासाठी एकदा रिकामंच मोठ्या जाळावर धरा, धूर अंगावर येणार नाही अशा बाजूला उभे राहून.

तळाला १२ मिलिमीटरची साधारण ५० भोकं पाडा, सगळीकडे सारखी पसरलेली. ही खालची हवा. वरच्या काठाखाली चारी बाजूंनी खाचा पाडा, बोटभर लांबीच्या आणि अर्ध्या बोटाच्या रुंदीच्या, वीसेक. ही वरची हवा. वरच्या हवेची जागा खालच्या हवेच्या दोन ते तीन पट असावी, कारण धूर जळायला खूप हवा लागते. झाकणाच्या मध्यभागी १५ ते २० सेंटिमीटर व्यासाचं भोक पाडून त्यावर चार फुटांचं धुराडं बसवा. धुराड्यासाठी काळा पत्रा घ्या. जस्ताचा मुलामा असलेला, आपण जीआय म्हणतो तो पत्रा लालभडक तापला की जस्ताच्या वाफा सोडतो, त्या फुप्फुसांना वाईट. पिंप तीन विटांवर ठेवा, म्हणजे खालून हवा खेळेल.

पऱ्हाट्या पिंपाच्या उंचीपेक्षा वीतभर कमी कापून उभ्या भरा. दाबून ठासू नका आणि पोकळही सोडू नका. वरून वीतभर जागा मोकळी ठेवून त्यावर बारीक काटक्या आणि वाळलेला पाला पसरा. आणि आता सगळ्यात महत्त्वाचं: पेटवायचं वरून. खालून पेटवलं तर धुराचा लोट होतो आणि कोळसा तुटपुंजा मिळतो. वरून पेटवल्यावर आग हळूहळू खाली उतरत जाते. खालची हवा इंधनाला फक्त धुमसत ठेवते, आणि त्यातून निघालेला धूर वर येऊन वरच्या हवेत ज्वाला होऊन जळतो. वर तयार झालेल्या कोळशाच्या थरातून तो धूर जातो, तेव्हा तिथे प्राणवायू उरलेला नसतो, म्हणून कोळसा जळून राख होत नाही.

काटक्या नीट पेटल्या की झाकण आणि धुराडं बसवा. पहिली पाच-सात मिनिटं धूर दिसेल. त्यानंतर धुराड्याच्या तोंडाशी धूर दिसता कामा नये. दिसत असेल तर वरची हवा कमी पडतेय, झाकणाखाली दोन खडे सरकवून फट वाढवा. पऱ्हाटीला तासभर ते दीड तास लागतो, जाड लाकडाला जास्त.

विझवायची वेळ साधणं हीच खरी कला. ज्वाला पिवळी, उंच असेल तोपर्यंत इंधनातून वायू निघतोय. ती बसकी होऊन निळसर दिसायला लागली आणि तळाच्या भोकांतून लाल निखारे दिसू लागले, की इंधन संपलं, आता कोळसा जळायला लागला. लगेच विझवा. आम्ही झाकण काढून दोन बादल्या पाणी सावकाश ओततो. पिंपाच्या बाजूला उभं राहायचं, तोंड दूर ठेवायचं, वाफ जोरात उसळते. अंगावर सुती कपडे आणि पायात बूट हवेत. हे सगळं उघड्यावर करायचं, गोठ्यात किंवा पडवीत कधीही नाही. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वास नसतो. विझवलेला कोळसा मोकळ्या जागी पातळ पसरून एक पूर्ण दिवस तसाच ठेवा. आतला एखादा निखारा जिवंत राहिला तर पोतं रात्री पेट घेऊ शकतं.

एका पिंपात २५-३० किलो पऱ्हाटी मावते आणि ५-६ किलो कोळसा मिळतो. चाळल्यावर कामाचा निम्माच उरतो. आपल्या गाळणीला ३० लिटर कोळसा लागतो, म्हणून तीन जाळण्या धरून चाला.

पास की नापास

हातात तुकडा घेऊन तो फरशीवर टाका. चांगला कोळसा काचेसारखा किणकिणतो, कच्चा कोळसा 'थद्' वाजतो. मग तुकडा बोटांत चुरा आणि हात नुसत्या पाण्याखाली धरा. साबणाशिवाय काळेपणा निघून गेला तर डांबर शिल्लक नाही. बोटं चिकट राहिली, नखात तेलकट काळं बसलं, तर तो घाणा पुन्हा भट्टीत टाका. ही परीक्षा गावातल्या बाया एका मिनिटात शिकतात, आणि पुढे तीच सगळ्यात भरवशाची ठरते.

वीजकाम करणाऱ्याकडचा मल्टिमीटर मिळाला तर अजून एक पारख करता येते. पुरेशा आचेवर झालेला कोळसा वीज वाहतो, कच्चा वाहत नाही. कोरड्या तुकड्यावर दोन टोकं एक-दोन सेंटिमीटरच्या अंतरानं दाबून धरा. आकडा काही शे ओहमच्या आत आला तर समजा आच चांगली बसली. मीटर काहीच दाखवत नसेल किंवा मेगाओहमच्या भाषेत बोलत असेल तर कोळसा कच्चा.

शेवटची परीक्षा रंगाची. शाळेच्या प्रयोगशाळेत मिथिलीन ब्लू असतं. ०.१ ग्रॅम पूड एक लिटर पाण्यात, मग त्यातलं १०० मिलिलिटर घेऊन पुन्हा एक लिटर करा. हे झालं लिटरला १० मिलिग्रॅमचं निळं पाणी. दोन काचेच्या बरण्यांत प्रत्येकी १०० मिलिलिटर घ्या. एकीत एक ग्रॅम आपल्या कोळशाची बारीक पूड, दुसरीत एक ग्रॅम विकतचा सक्रिय कार्बन. झाकण लावून अधूनमधून हलवत तासभर ठेवा आणि गाळून पांढऱ्या कागदासमोर धरा. विकतच्याइतका निवळ झाला नाही तरी रंग ठळकपणे उतरायला हवा. मुलांसमोर हे केलं तर तासाभरात निळं पाणी पांढरं होताना बघायला वर्ग गोळा होतो. एक लक्षात ठेवा: हा रंग धन प्रभाराचा आहे, म्हणून तो उतरला याचा अर्थ पाण्यातलं सगळंच उतरेल असा नाही. घाण्या-घाण्याची तुलना करायला मात्र याच्याइतकं स्वस्त काही नाही. हातमोजे घाला, डाग जात नाहीत.

फोडणं, चाळणं, धुणं

कोळसा ओलसर असतानाच पोत्यात घालून बडवा, म्हणजे धूळ उडत नाही. तरी नाकातोंडाला फडकं बांधा; ही धूळ छातीत बसते. खिडकीच्या डासांच्या जाळीतून खाली पडेल आणि पिठाच्या चाळणीवर राहील, तो दाणा आपल्या कामाचा, साधारण रव्यापासून मोहरीएवढा. त्याहून मोठा पुन्हा बडवा. त्याहून बारीक भुगा गाळणीत गेला तर वाट तुंबते. तो शेणखताच्या खड्ड्यात टाका.

आता धुणं. कोळशाबरोबर राख असते आणि राखेत पोटॅशियम, कॅल्शियमचे क्षार. त्यामुळे पहिलं पाणी साबणाच्या पाण्यासारखं बुळबुळीत लागतं आणि पीएच पट्टीवर ९-१० दाखवतं. बादलीत भिजवून ढवळायचं, निथळायचं, असं पाणी नितळ दिसेपर्यंत आणि पीएच ८.५ च्या खाली येईपर्यंत. पाच-सहा पाणी लागतात. हे पाणी फेकू नका, झाडांना द्या, पण एकाच झाडाला नको.

ताजा कोळसा पाण्यावर तरंगतो, कारण भोकांत हवा भरलेली असते. हवा असलेल्या भोकात पाणी शिरत नाही आणि ते भोक फुकट जातं. मोठ्या पातेल्यात अर्धा तास उकळा, किंवा तीन दिवस बुडवून ठेवा, वर दगड ठेवून. बहुतेक कोळसा तळाशी बसला की तो ड्रममध्ये जायला तयार.

ड्रमची मांडणी

६० लिटरचे चार निळे ड्रम लागतील, आधी खाण्याच्या वस्तूंसाठी वापरलेले. पायऱ्यांसारखे एकाखाली एक मांडायचे. सगळ्यात वर कच्च्या पाण्याचा, मग वाळूचा, मग कोळशाचा, शेवटी साठवणीचा.

पहिल्या ड्रममध्ये पाणी रात्रभर निवळू द्या. गढूळ असेल तर तुरटी दोन-चार वेळा फिरवा. आपल्याकडे निवळी नावाचं झाडच आहे, त्याची बी घासून पाणी निवळायची रीत जुनी; सुश्रुतसंहितेत तीच कतक म्हणून येते. 'पाणी निवळणं' हे काम आणि 'निवळी' हे झाड आपल्या भाषेत एकमेकांना चिकटूनच राहिलेत. हे निवळणं टाळू नका. गाळ आणि पालापाचोळ्याचा अर्क कोळशावर गेला तर तो कीटकनाशकासाठी ठेवलेल्या जागा आधीच अडवून बसतो, आणि तुमचे तीन दिवसांचे कष्ट आठवड्यात वाया जातात.

दुसऱ्या ड्रममध्ये तळाला १० सेंटिमीटर खडी, खाली जाड वर बारीक. तिच्यात पाणी बाहेर नेणारा पाईप, ज्याचं दुसरं टोक ड्रमच्या बाजूनं वर उचलून वाळूच्या वर पाच सेंटिमीटरवर आणलेलं. खडीवर ३५ सेंटिमीटर स्वच्छ धुतलेली बारीक वाळू. पाईपचं तोंड वर असल्यामुळे वाळूवर कायम पाच सेंटिमीटर पाणी राहतं आणि वाळू कोरडी पडत नाही. तीन-चार आठवड्यांत वाळूच्या वरच्या थरात उपयोगी जिवाणूंची साय धरते, आणि ती रोगजंतू खाते. साय मोडू नये म्हणून पाणी थेट वाळूवर न ओतता भोकं पाडलेल्या थाळीवर पडू द्या.

तिसरा ड्रम तसाच, फक्त वाळूच्या जागी ३० सेंटिमीटर कोळसा. वर नायलॉनची जाळी आणि जाळीवर पाच सेंटिमीटर गोटे, म्हणजे तरंगणारा दाणा वर येणार नाही. इथेही पाईपचं तोंड गोट्यांच्या वर. प्रत्येक ड्रम आधीच्यापेक्षा वीतभर तरी खाली हवा, नाहीतर एकाचं पाणी दुसऱ्यात पडणारच नाही. कच्च्या पाण्याचा ड्रम मात्र वाळूच्या ड्रमच्या काठाहून पूर्ण वर.

तोटी किती सोडायची

कोळशाची गाळणी भरून लोक तोटी पूर्ण सोडतात आणि सगळ्या कष्टांवर पाणी पडतं. रेणूला दाण्याच्या बाहेरून आतल्या भोकापर्यंत पोचायला वेळ लागतो. हिशेब सोपा आहे: कोळशाचं आकारमान भागिले दर तासाचं पाणी. आपला कोळसा ३० लिटर. ताशी १० लिटर सोडलं तर पाणी कोळशाच्या थरात तीन तास असतं. कारखान्यातल्या सक्रिय कार्बनला साधारण १० ते २० मिनिटं पुरतात. आपला माल तेवढ्या तोलाचा नाही, ती कसर वेळेनं भरून काढायची.

ताशी १० लिटर म्हणजे एक लिटरची बाटली सहा मिनिटांत भरायला हवी. घड्याळ आणि बाटली घेऊन बसा आणि पहिल्या ड्रमची तोटी त्याप्रमाणे लावा. एकदा जमली की तोटीवर रंगाची खूण करा. ३५ सेंटिमीटर व्यासाच्या वाळूलाही हाच वेग मानवतो, तिथे पाणी ताशी १० सेंटिमीटरनं खाली उतरतं आणि मंद वाळू-गाळणीला तेवढंच हवं असतं. इतकी बारीक उघडलेली तोटी गाळानं तुंबते, म्हणून रोज सकाळी एकदा बघायची.

सुरुवातीचं १०० लिटर पाणी झाडांना द्या. त्यानंतर नमुना प्रयोगशाळेत पाठवा आणि अहवाल हाती येईपर्यंत हे पाणी पिऊ नका, धुण्या-भांड्याला वापरा.

क्लोरीन शेवटीच

कोळसा जंतू मारत नाही. उलट अन्न आणि आसरा मिळाल्यामुळे जंतू त्यावर वस्ती करतात. आणि क्लोरीन कोळशावर पडताच नष्ट होतं, म्हणून टीसीएल (ब्लिचिंग) पावडर पहिल्या ड्रममध्ये टाकणं म्हणजे ती वाया घालवणं. शिवाय वाळूवरची सायही मरते. ती टाकायची साठवणीच्या ड्रममध्ये.

३३ टक्के क्लोरीन असलेली टीसीएल १००० लिटरला ५ ग्रॅम लागते. घरच्या ड्रमसाठी इतकी बारीक मोजणी जमत नाही, म्हणून ५ ग्रॅम पावडर एक लिटर पाण्यात विरघळवा, निवळू द्या, आणि वरचं स्वच्छ पाणी बाटलीत भरा. २० लिटरला यातलं २० मिलिलिटर. अर्ध्या तासानं ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात उरलेलं क्लोरीन रंगावरून मोजणारी चाचणी, करा. पिवळा रंग आला आणि तक्त्यावर किमान ०.२ दिसलं की पाणी प्यायला मोकळं. पावडर जुनी असेल तर क्लोरीन उडून गेलेलं असतं. डबा उघडल्यावर वास डोळ्यांत गेला नाही तर नवी आणा. क्लोरीन नसेल तर खळखळून उकळी येऊ द्या आणि मिनिटभर तशीच ठेवा.

कोळसा कधी बदलायचा

याला ठरावीक महिन्यांचं उत्तर नाही. पाण्यात काय आणि किती आहे, त्यावर ते ठरतं. म्हणून आम्ही कोळशाचे दोन ड्रम एकापुढे एक ठेवायला लागलो. पहिल्या ड्रमच्या तोंडाशी वास, रंग किंवा चव परत येऊ लागली, किंवा प्रयोगशाळेच्या अहवालात आकडा वर सरकला, की पहिला रिकामा करायचा, दुसरा उचलून पहिल्याच्या जागी ठेवायचा आणि ताज्या कोळशाचा मागे लावायचा. मधल्या काळात घरातल्यांच्या तोंडी जाणारं पाणी कायम एका चांगल्या थरातून गेलेलं असतं. फक्त नाकावर विसंबू नका. बहुतेक कीटकनाशकांना पाण्यात वास नसतो. फवारणीच्या हंगामानंतर एक तपासणी करायलाच हवी.

वाळूचा वेग मंदावला तर वरची एक-दोन सेंटिमीटर वाळू हातानं हलवून गढूळ पाणी काढून टाका. सगळी वाळू उपसू नका. कोळसा उन्हात वाळवून पुन्हा वापरता येतो असं काही जण सांगतात. उन्हानं ओल जाते, चिकटलेले रेणू जात नाहीत.

जुन्या कोळशाचं काय करायचं ते तो काय प्यायला यावर आहे. फक्त वास आणि रंग काढायला वापरला असेल तर खताच्या खड्ड्यात चालेल. कीटकनाशक धरलेला कोळसा शेतात टाकू नका, ते विष पुन्हा मातीत आणि विहिरीत जाईल. तो वाळवून पुढच्या घाण्यात पऱ्हाट्यांच्या तळाशी थोडा-थोडा घाला. तिथे आच सगळ्यात शेवटी पोचते, आणि सुटणारा वायू वरच्या तापलेल्या थरातून जाऊन ज्वाळेत जळतो. धातू धरलेला कोळसा मात्र जाळूही नका, कारण धातू राखेत किंवा धुरात राहतात. तो जाड पिशवीत बांधून, नाव लिहून, पाण्यापासून आणि जनावरांपासून दूर ठेवा आणि जिल्ह्याच्या प्रदूषण नियंत्रण कार्यालयात घातक कचऱ्याची विल्हेवाट कुठे होते ते विचारा.

आमच्या ड्रमच्या शेजारी भिंतीला खिळ्यावर एक वही टांगली आहे. कोळसा भरल्याची तारीख, रोजचं लिटर, बाटली भरायला लागलेली मिनिटं, ओटीचा आकडा. पुढचा कोळसा कधी पेटवायला हवा ते आता आम्ही त्या वहीतच बघतो.